अंगुलिमालाचे परिवर्तन



वस्तीत एखादा माणूस वारंवार मारामारी करतो, घरच्यांना झोडपतो, तेव्हा तो जन्मानेच तसा आहे असे लोक बोलतात. जन्मावरून माणूस ठरविण्याची रीत आपण सोडली आहे. म्हणून अंगुलिमालाचे चरित्र नीट समजून घ्या.

कोसल देशातील हा दरोडेखोर. त्याच्या भयाने गावे ओस पडली. तीस-चाळीस माणसांचा जथाही त्याच्या हातून सुटत नसे. मारलेल्यांच्या बोटांची माळ तो गळ्यात घाली. अट्ठकथेनुसार त्याचे मूळ नाव अहिंसक होते. तक्षशिलेत शिकताना सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने हजार बळींची दक्षिणा मागितली. पाहा, क्रौर्यालाही कारण असते. कारण आहे तेथे उपाय शोधता येतो.

गुराखी व शेतकरी अडवीत असताही तथागत त्या वाटेने एकटे, निःशस्त्र गेले. तो मागे धावला, पण त्यांना गाठू शकला नाही. आपण हिंसेपासून थांबलो आहोत, तूच अजून थांबला नाहीस, हे तथागतांनी त्याला समजावले. त्याने शस्त्रे टाकली व प्रव्रज्या घेतली.

एवढ्यावर काम संपले नाही. त्याला संघाची शिस्त, सोबत आणि ध्यानाचा अभ्यास मिळाला. पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडण्यास निघालेला राजा प्रसेनजित जेतवनात आला. भिक्षू झालेल्या अंगुलिमालाला पाहून आधी तो घाबरला, मग त्याने चीवर देऊ केले. पुढे अडलेल्या एका बाळंतिणीचे दुःख पाहून अंगुलिमालाचे मन द्रवले. जीव घेणारा जीवांचे मंगल चिंतू लागला.

तरीही श्रावस्तीत भिक्षेस गेला असता त्याला दगड-काठ्या लागल्या. डोके फुटले, पात्र मोडले, चीवर फाटले. हे आपल्याच कर्माचे फळ म्हणून तथागतांनी त्याला सहन करण्यास सांगितले. परिवर्तनाने मागचे दुःख पुसले जात नाही, हे तो शिकला.

बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात पतित व गुन्हेगारांच्या दीक्षेत ही कथा मुद्दाम घेतली. जयपूरच्या तुरुंगात 1975 साली व दिल्लीच्या तिहारमध्ये 1994 साली कैद्यांसाठी विपश्यना शिबिरे झाली, तीही याच विश्वासावर.

मात्र मैत्रीचा अर्थ चुकवू नका. नवऱ्याचा मार सोसत बसा असे धम्म कोणत्याही भगिनीला सांगत नाही. आधी तिला व मुलांना सुरक्षित करा, गरज पडल्यास पोलिसांची मदत घ्या. मग त्या माणसाची दारू सोडवा, त्याला डॉक्टरांकडे न्या, कामाला लावा, विहारात आणा. त्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी त्यालाच घेऊ द्या. आणि मुले लहान आहेत तोवरच जपा. मार खात, दुर्लक्षित वाढलेल्या मुलाचा हात पुढे दुसऱ्यावर उठण्याचा धोका अधिक असतो. तो हात लहानपणीच प्रेमाने व शिस्तीने धरणे, हे प्रत्येक बौद्ध घराचे काम आहे.

सर्वांचे मंगल होवो.