गावाची बोली पडद्यावर आणणारे भालजी पेंढारकर

उज्जैनमध्ये मराठी माणूस किती पिढ्यांपासून आहे, असे कोणी विचारले की आम्ही राणोजी शिंद्यांपासून सुरुवात करतो. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. दरबार गेला, पण घरे राहिली. गणपती राहिले, पुरणपोळी राहिली आणि तिच्या जोडीला दाल-बाफलेही आले. भाषाही राहिली, पण ती आमची झाली. अंगणातल्या ओट्याला आम्ही ओटला म्हणतो, वाक्याच्या शेवटी नकळत हिंदी येते. पुण्याहून पाहुणे आले की ते हसतात आणि आम्हीही ओशाळून हसतो. आपली मराठी अशुद्ध आहे, असे आम्ही स्वतःच मानून घेतले आहे.

म्हणूनच आज भालजी पेंढारकरांची आठवण करावीशी वाटते. शहरातले शिकलेले लोक ज्या बोलीला गावंढळ म्हणत, तिला त्यांनी पडद्यावर मानाची जागा दिली.

भालचंद्र गोपाळ पेंढारकर यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात झाला. शाहू महाराजांच्या काळातले ते कोल्हापूर. तालमी, संगीत, नाटक, चित्रकला, सगळ्यांना तिथे आश्रय होता. 1918 च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी तिथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. या कंपनीचा 1925 चा 'सावकारी पाश' हा मूकपट कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा सांगणारा होता. त्यातला तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगवला. पौराणिक कथांच्या गर्दीत खेड्यातला खरा माणूस पडद्यावर आला. पण तो मुका होता. त्याचे हाल दिसत होते, त्याचे बोलणे ऐकू येत नव्हते.

भालजी याच वातावरणात चित्रपटाकडे वळले. त्यांचे भाऊ बाबूराव पेंढारकर नामवंत नट झाले, भालजी मात्र लेखन आणि दिग्दर्शनात रमले. त्यांच्या 'वंदे मातरम् आश्रम' या मूकपटावर इंग्रज सरकारच्या सेन्सॉरची कात्री चालली. 1932 मध्ये त्यांचा 'श्यामसुंदर' आला. बालकृष्णाच्या भूमिकेत शाहू मोडक होते. हा चित्रपट एकाच ठिकाणी 25 आठवडे चालला आणि भारतातला पहिला रौप्यमहोत्सवी बोलपट म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते.

बोलपट आला आणि मराठी चित्रपटापुढे एक प्रश्न उभा राहिला : पडद्यावरच्या माणसाने कोणती मराठी बोलायची? रंगभूमीची भाषा तयार होती. ती भारदस्त होती, पण मळ्यातल्या माणसाच्या तोंडी ती शोभत नव्हती. भालजींनी आधी इतिहासाची वाट धरली. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक' हे त्यांचे 1939 ते 1943 या काळातले चित्रपट. शिवकाळ दाखवताना त्यांचे लक्ष दरबाराइतकेच मावळ्यांकडे होते. गड चढणारा, कांदा-भाकरी खाणारा, मोकळेपणाने बोलणारा मावळा त्यांना जवळचा वाटे. पुढे हाच माणूस त्यांच्या ग्रामीण चित्रपटांत नांगर आणि हातोडा घेऊन आला.

कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ म्हणजे भालजींचे घर आणि शाळा. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांढरे बंधू तिथे घडले. सुलोचनाबाई लाटकर खेड्यातून आलेल्या. त्यांच्या गावाकडच्या बोलण्याला सुरुवातीला लोक हसत. भालजींनी त्यांना हाताशी धरले, त्यांच्या उच्चारांवर मेहनत करून घेतली. पुढे मराठी पडद्यावरची आई म्हटले की त्यांचाच चेहरा डोळ्यांसमोर येऊ लागला. दादा कोंडके हेही भालजींच्याच चित्रपटातून पहिल्यांदा पडद्यावर आले.

30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. उभ्या आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत राख झाली. भालजी तेव्हा पन्नाशीला आले होते. त्या वयात माणूस आवराआवरीचा विचार करतो. त्यांनी कर्ज काढले, स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि 1949 मध्ये 'मीठभाकर' हा ग्रामीण चित्रपट लोकांपुढे ठेवला.

त्यांच्या चित्रपटांची खरी बहार वयाच्या साठीनंतर आली. 1963 मध्ये 'मोहित्यांची मंजुळा', 1964 मध्ये 'मराठा तितुका मेळवावा', 1965 मध्ये 'साधी माणसं' आणि 1969 मध्ये 'तांबडी माती'. या चित्रपटांचे संगीत आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी दिले. भालजी स्वतः योगेश या नावाने गाणी लिहीत. 'साधी माणसं' मध्ये सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांचे लोहार जोडपे आहे. ऐरण, भाता, हातोडा आणि अंगावर उडणाऱ्या ठिणग्या यांच्यात त्यांचा संसार चालतो. 'तांबडी माती'ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या चित्रपटांतली माणसे लई, न्हाई, व्हय असे शब्द सहज बोलतात. कोल्हापूरकडे बायकाही बोलताना मी येतो, मी जातो असे म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकात हे चूक ठरेल, तिथल्या घराघरात ते बरोबर आहे. बोलीत नुसते शब्द नसतात. बोलताना मान कशी हलते, थोरल्याला हाक मारताना आवाज कुठे चढतो, रागात शब्द कसा तुटतो, हे शब्दकोशात लिहिता येत नाही. मोट गेली तशी नाडा आणि सौंदर हे शब्द गेले. खळे गेले, बैलांची मळणी गेली. शब्दकोश अर्थ सांगेल, आवाज आणि हातवारे फक्त चित्रपटच जपून ठेवतो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. भालजींचे खेडे पुष्कळदा फार भले असते. जातीचे चटके त्यात कमी दिसतात, चांगल्याचा विजय ठरलेला असतो. 'सावकारी पाश' मधले दुःख अधिक कठोर होते. पण भालजींच्या खेडुताला बोलताना लाज वाटत नाही, आणि हे त्यांचे मोठेच देणे आहे.

दूरच्या देशांतही अशी माणसे झाली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तिथे जेनी गिल्बर्टसन या बाईंनी 1931 मध्ये एक साधा कॅमेरा घेऊन लहान शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या जगण्याचे चित्रण केले. शेती, मेंढरे, विणकाम, मासेमारी. तो मूकपट होता. आज ते जगणे उरले नाही, चित्रण उरले आहे. त्याच वर्षी आपल्याकडे 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला होता.

पण चित्रण उरेलच याची खात्री नसते. आपल्याकडचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. 'सावकारी पाश'ही आज पाहायला मिळत नाही. जुनी फिल्म चटकन पेट घेई आणि जपली नाही तर सडून जाई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. जयप्रभा स्टुडिओ पुढे लता मंगेशकरांकडे गेला, कालांतराने तिथले चित्रीकरण थांबले. ती जागा वारसा म्हणून राखावी यासाठी अलीकडे कोल्हापूरकरांना रस्त्यावर उतरावे लागले.

भालजींना 1991 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. 26 नोव्हेंबर 1994 रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. आत्मचरित्राला त्यांनी 'साधा माणूस' हे नाव दिले होते.

त्यांची कथा इथे सांगण्याचे कारण आमच्या घरातच आहे. माळव्याच्या पाण्यावर वाढलेली आमची मराठी बोलणाऱ्या आजी आता थोड्याच उरल्या आहेत. नातवंडांशी त्या हिंदीत बोलतात, कारण आपली मराठी धड नाही असे त्यांना वाटते. नातवंडे इंग्रजीत उत्तर देतात. ही बोली कोणत्याही पुस्तकात नाही. ती गेली तर तिची राखही हाती लागणार नाही.

भालजींना स्टुडिओ बांधावा लागला, कर्ज काढावे लागले. आमच्या प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. येत्या गणेशोत्सवात समाजातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करू या. लग्नातल्या गोष्टी, जुन्या वाड्यातले दिवस, क्षिप्रेचा पूर, सिंहस्थाच्या आठवणी, मोदकाची कृती, जे त्यांना सांगावेसे वाटेल ते. मध्येच हिंदी शब्द आला तर अडवू नये, उच्चार सुधारू नये. जसे बोलतात तसेच टिपून घ्यावे, आणि प्रत्येक चित्रणावर नाव, वय व तारीख नोंदवून त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात.