सांखवाळचे कोसंबी आणि घरी राहिलेल्या बाळाबाई

गेल्या मे महिन्यात लांज्यातल्या आम्ही अकराजणी लडाखला जाऊन आलो. लेहपासून एकोणीस-वीस किलोमीटरवर थिकसे मठ आहे. लांबून बघितला तर किल्लाच वाटतो. टेकडीच्या पायथ्यापासून पांढरी घरं एकावर एक रचत नेलेली आणि माथ्यावर तांबडी-पिवळी मुख्य इमारत, एकूण बारा मजले! पंधराव्या शतकातला हा मठ. आत मैत्रेय बुद्धाची जवळजवळ पन्नास फुटी मूर्ती आहे. १९७० साली दलाई लामा इथे येऊन गेले, त्या आठवणीखातर ती घडवलेली. हवा इतकी विरळ की दर दहा पायऱ्यांवर टेकावं लागत होतं. असंच एकदा टेकलो असताना आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, की एवढ्या लांब हिमालयात बुद्धाच्या शोधात आपल्याकडचं कोणी कधी आलं असेल का गं?

आलं होतं. लडाखला नव्हे, नेपाळला. आणि तेही पायी. माणूस आपल्या शेजारचाच, गोव्याचा. धर्मानंद कोसंबी.

मैत्रिणींनो, हे नाव आपल्यापैकी बऱ्याचजणींनी ऐकलेलं असतं, पण त्यापुढे गाडी जात नाही. ९ ऑक्टोबर १८७६ ला सांखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. प्रकृती तोळामासा, शाळा जेमतेम. वडिलांच्या नारळाच्या बागेची राखण करायची आणि मिळेल ते वाचायचं. १८९१ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, बाळाबाईंशी लग्न झालं. आधी तुकोबांच्या अभंगांचा नाद लागला. मग ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचायला मिळालं आणि या तरुणाला बुद्धाने झपाटलं. मुलांसाठीच्या एका साध्या मासिकातली चार पानं, पण माणसाचं अख्खं आयुष्य फिरलं. (आपल्या घरात मुलांसाठी एखादं मासिक येतं का, हा प्रश्न मला इथे पडतोच.)

१८९९ मध्ये त्यांना मुलगी झाली, माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोसंबींनी घर सोडलं. बुद्धाचा धर्म शिकायचा तर आधी संस्कृत यायला हवं, म्हणून पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी अभ्यास केला. १९०२ मध्ये ते नेपाळात पोचले. काठमांडूजवळच्या टेकडीवरचं स्वयंभूनाथ म्हणजे बौद्धांचं मोठंच ठिकाण. पण ज्यासाठी एवढा डोंगर तुडवला ते ज्ञान काही तिथे मिळेना. धर्माची अवस्था पाहून ते निराश झाले. तरी माघारी घराकडे वळले नाहीत. बुद्धगया, कलकत्ता करत थेट श्रीलंकेला गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकले, चीवर घेतलं. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

हे सगळं वाचताना मान आदराने लवते. पण मी इथे जरा अडखळते. आमच्या मंडळाकडे टाकलेल्या बायका येतात. नवरा मुंबईला गेला, पैसे येईनासे झाले, मग फोनही बंद झाला. लहान लेकरू कडेवर असतं आणि सासरची माणसं म्हणतात, तूच काहीतरी बोलली असशील. अशांच्या समोर बसल्यावर मला बाळाबाई आठवतात. पोरगी तान्ही, नवरा तीर्थाला की संन्यासाला, कधी येणार याचा पत्ता नाही. एक-दोन नव्हे, सातेक वर्षं! लोकांच्या नजरा तेव्हा काय कमी टोचल्या असतील? कोसंबींचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे, जरूर वाचा. बाळाबाईंनी सांगितलेली त्यांची बाजू मात्र मला अजून कुठे वाचायला मिळालेली नाही.

पण कोसंबी परत आले, हेही सांगायलाच हवं. १९०६ साली चीवर उतरवून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले आणि बायको-मुलीला तिकडे घेऊन गेले. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर. हेच पुढे मोठे गणिती आणि इतिहासकार झालेले डी. डी. कोसंबी. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी असताना, आपल्या माणसांत आणि आपल्या भाषेत काम करायचं म्हणून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं महिना पन्नास रुपयांचं वर्षासन घेतलं. अट अशी, की मराठीत पुस्तकं लिहायची. पन्नास रुपयांत पुण्याचं बिऱ्हाड कसं चाललं, ते बाळाबाईंनाच ठाऊक!

१९१० मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावलं. शाळा जेमतेम झालेल्या माणसाला हो! १९१२ ते १९१८ ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. आणि १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा दामोदरबरोबर माणिकलाही घेऊन गेले. जिला तान्ही असताना मागे ठेवलं होतं, ती लेक तिथल्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजात शिकली. त्या काळात मुलीला सातासमुद्रापार शिकायला नेणारे बाप किती होते, सांगा. बाळाबाई आणि धाकट्या मुली मात्र तेव्हाही इकडेच.

नंतरही पायाला भिंगरी होतीच. रशियात लेनिनग्राडला गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. आपल्या कोकणातले किती चाकरमानी तेव्हा त्याच गल्ल्यांतून राहत होते! १९४० साली ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचं पुस्तक आलं.

शेवटी शरीर साथ देईना. मग त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात देह ठेवला. ‘विसुद्धिमग्गा’चं ते संपादन हार्वर्डने १९५० साली छापलं, ते काही त्यांना बघायला मिळालं नाही.