वालचंदशेठांचा शेवटचा आजार

बारामतीहून इंदापूरकडे जाताना जंक्शनला वळले की थोड्याच अंतरावर वालचंदनगर लागते. नीरेकाठी कळंबच्या शिवारात वसलेल्या या गावाचे नाव आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे. ज्यांच्या नावाने ते वसले, त्या वालचंद हिराचंद दोशी यांची जहाजे, विमाने आणि मोटारी यांविषयीही आपण थोडेफार वाचलेले असते. त्यांची शेवटची तीन-चार वर्षे कशी गेली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आरोग्याच्या सदरात त्यांची आठवण काढण्याचे कारण तेच आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे गुजरातेतून आलेले, दिगंबर जैन. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. वडील हिराचंद नेमचंद यांनी पेढी सांभाळलीच, शिवाय ‘जैन बोधक’ हे मराठी मासिकही सुरू केले. अशी घराणी पाहिली की इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांची आठवण होते. क्वेकर शपथ घेत नसत, युद्धात उतरत नसत. विद्यापीठांची आणि सरकारी पदांची दारे त्यांना बराच काळ बंद होती, म्हणून हुशार मुले धंद्यात जात. चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेली कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री ही तिन्ही घराणी क्वेकरांचीच. आपल्याकडे जैनांनाही अहिंसेच्या नियमामुळे नांगरापेक्षा तराजू जवळचा वाटला. चोख हिशेब, समाजातली पत आणि भावांची भागीदारी हे दोन्हीकडचे भांडवल.

वालचंद १८९९ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज झाले, पण शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या धंद्यात आले. व्याजबट्ट्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून ते रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेऊ लागले. त्यातून मोठ्या बांधकाम कंपन्या उभ्या राहिल्या. बोरघाटातले बोगदे आणि मुंबईला तानसाचे पाणी आणणाऱ्या नळांचे काम त्यांच्या कंपन्यांनी केले. स्वच्छ पाण्याने जेवढे जीव वाचतात तेवढे फार थोड्या औषधांनी वाचतात, त्यामुळे डॉक्टर म्हणून मला तानसाचे हे नळ त्यांच्या जहाजांइतकेच मोठे वाटतात.

जहाजांच्या धंद्याची सुरुवातही एका तरंगत्या रुग्णालयापासून झाली. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एक जुने प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय केले होते. त्याचे नाव ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या भागीदारांनी ते घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर कंपनीची सूत्रे वालचंद यांच्याकडे आली आणि ब्रिटिश कंपन्यांच्या दरयुद्धाला त्यांना तोंड द्यावे लागले.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध आला तो साखरेमुळे. इंदापूर तालुका अवर्षणाचा, पण नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकातच इकडे पोहोचले होते. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण दिले आणि कारखाने काढणे परवडू लागले. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात कळंब, अशा दोन ठिकाणी वालचंद यांनी उसाचे मळे आणि कारखाने उभे केले. कारखान्याभोवती कामगारांची वसाहत वाढत गेली. जॉर्ज कॅडबरी यांनी बर्मिंगहॅमच्या बाहेर बोर्नव्हिलला कारखान्याशेजारी बागेसह घरे बांधली होती आणि तिथे दारूचे दुकान येऊ दिले नव्हते. माळावर नवे गाव वसवण्याच्या वालचंदनगरच्या कामाची जात तीच होती. पुढे इथल्याच यंत्रशाळांनी इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडवले.

साठीकडे झुकताना माणसे काम कमी करतात. वालचंद यांनी ते वाढवले. १९४० च्या डिसेंबरमध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. शिवाय साखर, बांधकाम, जहाजे आणि सरकारशी चाललेला अखंड पत्रव्यवहार. १४ मार्च १९४८ रोजी त्यांच्या गोदीत बांधलेले ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत, १९४९ मध्ये, वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला.

त्या वेळी डॉक्टरांच्या हातात काय होते? जवळजवळ काहीच नव्हते. मेंदूत गुठळी अडकली की रक्तवाहिनी फुटली, हे जिवंत रुग्णात दाखवणारा सीटी स्कॅन १९७१ मध्ये आला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पक्षाघातासाठी १९९६ मध्ये मान्य झाले. रक्तदाब मोजता येत होता, पण उतरवता येत नव्हता. मीठ तोडणे, विश्रांती आणि गुंगीची औषधे, एवढाच इलाज. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असेही अनेक डॉक्टर मानत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना देशातले उत्तम डॉक्टर लाभले होते. तरी १२ एप्रिल १९४५ रोजी ६३ व्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. त्या दिवशी त्यांचा वरचा रक्तदाब ३०० पर्यंत चढला होता.

योगायोग असा की, वालचंद ज्या वर्षी आजारी पडले त्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुंबईचेच डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीने रक्तदाब उतरतो, हे ५० रुग्णांवरच्या अनुभवातून ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. १९५८ च्या सुमारास लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी गोळी आली. गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात ठेवला तर पक्षाघात टळतो, याचा भक्कम पुरावा १९६७ आणि १९७० च्या अमेरिकन चाचण्यांनी दिला. या सगळ्याला वालचंद यांच्या आजारानंतर वीसेक वर्षे लागली.

१९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. सांगलीचे कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे, त्या याच. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे भाऊ धंद्यात मुरलेले होते, म्हणून कारखाने आणि कंपन्या चालत राहिल्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंद यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ७० होते.

पक्षाघात एकट्या रुग्णाला होत नाही, सगळ्या घराला होतो. दोशींच्या घरात कारभार पेलणारे तीन भाऊ होते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यात येणाऱ्या घरांत तसे नसते. कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला की सोसायटीचे कर्ज थकते, मुलाचे शिक्षण सुटते आणि त्याला उठवणे-बसवणे त्याच्या बायकोच्या अंगावर येते. ऊसतोडीचा एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक पडला तर दुसऱ्याचीही मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल मात्र तशीच राहते.

वालचंद यांना लाखो रुपये खर्चूनही जे मिळाले नसते, ते आज प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. रक्तदाबाच्या गोळ्या तिथे असतात. अडचण निराळीच आहे. रक्तदाब दुखत नाही. गोळी घेतली, बरे वाटले, की माणूस ती बंद करतो. हंगाम सुरू झाला की तपासणी दिवाळीवरून पाडव्यावर जाते. रक्तदाब १४०/९० च्या वर राहत असेल तर गोळी रोजची आहे, जेवणासारखी. पापड, लोणचे आणि भाकरीबरोबरची मिठाची चिमूट कमी करा. तंबाखू आणि मिश्री सोडा. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

आणि तरीही कोणाच्या अंगावरून वारे गेले तर? तोंड वाकडे झाले, एक हात वर उचलत नाही किंवा बोलणे अडखळते, यातले एक जरी अचानक दिसले तरी घड्याळात वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. कबुतराचे रक्त चोळणे, लकव्याच्या औषधासाठी दुसऱ्या गावाला जाणे, सकाळपर्यंत वाट पाहणे, यात तो वेळ निघून जातो. रुग्णाला तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. लक्षणे किती वाजता सुरू झाली हे डॉक्टरांना सांगा. पुढचा सगळा उपचार त्या एका उत्तरावर ठरतो.