देवधर सर
परवा पोरं सोलापूरला क्रिकेट खेळायला गेली. मला संघात घेतलं नाही. मी खूप रडलो. तेव्हा आजोबांनी देवधर सरांची गोष्ट सांगितली.
दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म 1892 साली पुण्यात झाला. ते कॉलेजात संस्कृत शिकवायचे. 1926 साली त्यांनी इंग्लंडच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध 148 धावा काढल्या. पण 1932 साली भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा सर 40 वर्षांचे होते. त्यांना घेतलं नाही. तरी सर रुसून बसले नाहीत. 1939-40 आणि 1940-41 मध्ये त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. 1993 साली 101 वर्षांचे होऊन ते वारले.
आता मी रडत नाही. रोज सकाळी भिंतीवर चेंडू मारून सराव करतो.