खंजिरीवाले महाराज आणि गावाची गटारं

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बऱ्याच सीनियर मंडळींच्या डिग्रीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असं लांबलचक नाव आहे. 2005 साली विद्यापीठाला ते मिळालं. 2011 मध्ये आमचा जिल्हा गोंडवाना विद्यापीठात गेला. पण डिग्रीवरचा हा माणूस कोण, असं हॉस्टेलात विचारा. भजन म्हणणारे बाबा, यापुढे कुणाची गाडी सरकत नाही. मी मूलचा (गाव हो, गाव!), त्यामुळे थोडं जास्त ऐकून आहे.

माणिक बंडोजी इंगळे. जन्म 30 एप्रिल 1909, अमरावती जिल्ह्यातलं यावली. घरी गरिबी, शाळा लवकरच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांचं नाव तुकड्या ठेवलं. पोरवयात घर सोडून ते सालबर्डी, रामदिघी, गोंदोड्याच्या जंगलात राहिले. गोंदोडा चिमूर तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. चरित्रकार इथे तपश्चर्येवर पानंच्या पानं लिहितात. मला वाटतं, जंगलपट्टीतली गावं त्यांनी पायी फिरून पाहिली, हे जास्त मोलाचं. खेड्यातलं आजारपण त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम झाला. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं आणि महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरचा तुरुंग घडला.

पुढे त्यांनी ग्रामगीता लिहिली. 41 अध्याय! देवाधर्माचं पुस्तक समजून उघडलं, तर त्यात ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य असे अख्खे अध्याय निघाले. आम्ही सिव्हिलवाले सॅनिटेशन म्हणून जे घोकतो, ते इथे ओव्यांमध्ये! घाण, खाणंपिणं, व्यसनं, व्यायाम, सगळं आहे. आणि हे करायचं कुणी, तर गावानेच. यासाठी गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं उभी राहिली. सामुदायिक प्रार्थना करायची आणि हातात झाडू घेऊन रस्तेही झाडायचे. खंजिरीवर माणसं गोळा व्हायची, मग त्याच माणसांना कामाला लावायचं. ही युक्ती मला फार आवडते.

आता एक खरं बोलतो. नैसर्गिक उपचारांवर त्यांचा भर होता, तो मला सगळाच पटत नाही. आमच्याकडचा मलेरिया रस्ते झाडून जात नाही, रक्त तपासावं लागतं, गोळ्या लागतात. पण ते करायलाही गावातलंच माणूस लागतं, हे शेजारच्या गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. महाराजांशी त्याचा थेट संबंध नाही, पण मला दोन्ही एकाच रस्त्यावरचे वाटतात.

11 ऑक्टोबर 1968 ला कॅन्सरने महाराज गेले. वय अवघं 59.

2005 नंतर गावोगाव आशाताई आल्या. आमच्या गल्लीतल्या ताई पावसाळ्यात दारोदार फिरून रांजण, कूलर, टायरांतलं पाणी ओतायला लावतात. बरेच जण त्यांना दारातूनच वाटेला लावतात. माझी आजी, मंडळाच्या प्रार्थनेला जाणारी, मात्र त्यांच्यासोबत पुढच्या चार घरी जाऊन येते.

(तृतीय वर्ष, सिव्हिल)