कोयरीच्या गावचा हाडवेडा डॉक्टर

आपल्याकडे साडीच्या काठावर, मेंदीच्या हातावर आणि काश्मिरी शालीवर जी कोयरी असते, तिला इंग्रजी मुलखात एका गावाच्या नावाने ओळखतात. ते गाव स्कॉटलंडमधले पेझ्ली. काश्मिरी शालींची नक्कल तिथल्या मागांवर इतकी विणली गेली, की काश्मीर मागे पडले आणि नक्षीला पेझ्लीचे नाव चिकटले. त्या गावात ३० नोव्हेंबर १८६६ रोजी शालींच्या नक्षीचे नमुने काढणाऱ्या एका कारागिराच्या घरी रॉबर्ट ब्रूम यांचा जन्म झाला. त्यांचे आयुष्यही नावे देण्यातच गेले. त्यांनी दिलेल्या नावांपैकी बरीचशी पुढे पुसली गेली, आणि तरीही हा माणूस पुसला गेला नाही. म्हणून त्यांची गोष्ट मला सांगावीशी वाटते.

ब्रूम व्यवसायाने डॉक्टर. १८८९ मध्ये ग्लासगो विद्यापीठातून पदवी घेतली, काही वर्षे ऑस्ट्रेलियात काढली आणि १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिका गाठली. ओढ होती कारूच्या माळरानाची. हा प्रदेश उजाड, कोरडा, मेंढपाळांचा. पण तिथल्या खडकांत सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांच्या कवट्या दगड होऊन पडलेल्या. त्यातली काही हाडे रस्ते बांधणाऱ्या अँड्र्यू गेडिस बेन यांना आधीच सापडली होती आणि त्यांवरून लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४५ मध्ये 'डायसिनोडॉन' हे नाव दिले होते. नावाचा अर्थ साधा, दोन सुळ्यांचा.

हे प्राणी दिसायला सरपटणाऱ्यांसारखे; पण त्यांची वाट सस्तन प्राण्यांकडे, म्हणजे शेवटी आपल्याकडे येणारी. याचा पुरावा आपण सगळे कानात घेऊन हिंडतो. आपल्या कानात आवाज पुढे पोचवणारी तीन चिमुकली हाडे असतात. त्यातली दोन एकेकाळी जबड्याच्या सांध्यात होती. लाखो पिढ्यांत ती लहान होत गेली आणि चावण्याचे काम सोडून ऐकण्याच्या कामी लागली. हा बदल कसकसा झाला, हे कारूच्या कवट्यांत टप्प्याटप्प्याने वाचता येते. जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकाच जबड्यात असलेला एक प्राणी सापडला, त्याला १९५८ मध्ये ब्रूम यांच्या स्मरणार्थ 'डायार्थ्रोग्नेथस ब्रूमी' असे नाव देण्यात आले.

ब्रूम १९०३ पासून स्टेलेनबॉशच्या कॉलेजात प्राध्यापक होते. उत्क्रांतीचा पुरस्कार तिथल्या धार्मिक मंडळींना मानवला नाही आणि १९१० मध्ये त्यांना जावे लागले. मग पुन्हा लहानलहान गावांत दवाखाना. रोगी तपासावेत, आणि वेळ मिळेल तेव्हा माळावर हाडे शोधावीत. तीही काळा सूट, ताठ पांढरी कॉलर आणि टाय अशा पोशाखात! शेतकरी, रस्त्यावरचे मजूर, पोरेटोरे, सगळ्यांना त्यांनी हा नाद लावला. नव्या नावांचा तर पाऊसच पाडला. साडेतीनशेहून अधिक नमुन्यांना त्यांनी नव्या प्रजाती ठरवले.

इथेच घोटाळा झाला. मी उभे आयुष्य बँकेत काढले, म्हणून मला हे खातेवहीच्या भाषेत समजते. एकाच गिऱ्हाइकाने कधी आजोबांचे नाव लावून, कधी गावाचे आडनाव लावून चार खाती उघडावीत, तसे झाले होते. पिल्लाची कवटी एका नावाने, थोराडाची दुसऱ्या. सुळे असलेला नर एक, सुळे नसलेली मादी वेगळी. मातीच्या भाराखाली चेपलेली कवटी तर तिसरीच! हे काम काही एकट्या ब्रूम यांचे नव्हे. एकट्या डायसिनोडॉनच्या खात्यावर निरनिराळ्या अभ्यासकांनी १६८ प्रजाती चढवल्या होत्या. २०११ मध्ये ख्रिश्चन कॅमरर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मूळ कवट्या पुन्हा तपासून त्यांचा ताळेबंद मांडला, तेव्हा त्या नावाखाली फक्त दोन उरल्या. बाकीच्या रद्द झाल्या किंवा दुसरीकडे वळत्या झाल्या. ब्रूम यांच्या प्रजातींपैकी निम्म्याहून थोड्या अधिकच आज टिकून आहेत. त्यांच्या १९३२ च्या ग्रंथाच्या नावातले 'सस्तनांसारखे सरीसृप' हे शब्दही आता अभ्यासक वापरत नाहीत, कारण ही शाखा सरीसृपांची नव्हेच, असे ठरले आहे.

या घराण्याचे काही नातेवाईक आपल्याकडेही होते. डायसिनोडॉनचा भाऊबंद लिस्ट्रोसॉरस बंगालात राणीगंजच्या कोळसापट्ट्यात सापडला, आणि एंडोथायोडॉन आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात. आफ्रिका आणि हिंदुस्थान एकेकाळी जोडलेले होते, याची ही साक्ष.

१९३४ मध्ये, माणसे पेन्शन मोजत बसतात त्या ६७ व्या वर्षी, स्मट्स यांच्या मध्यस्थीने ब्रूम प्रिटोरियाच्या संग्रहालयात नोकरीला लागले आणि माणसाचे पूर्वज शोधू लागले. १९३८ मध्ये एका शाळकरी मुलाजवळ दात असल्याचे कळताच ते थेट शाळेत धडकले. मुलाने विजारीच्या खिशातून चार दात काढून हातावर ठेवले. पण शाळा सुटल्याशिवाय मुलगा जागा दाखवायला येणार कसा? मग ब्रूम यांनी शाळा सुटेपर्यंत मुलांना आणि मास्तरांना गुहांवर व्याख्यान दिले. त्या जागेतून मिळालेल्या कवटीला त्यांनी 'पॅरान्थ्रोपस रोबस्टस' म्हटले. ते नाव आजही चालते. १९४७ मध्ये स्टर्कफाँटेनला सुरुंग लावून मिळालेल्या 'मिसेस प्लेस'चे प्लेसिअँथ्रोपस हे नाव मात्र गेले. ती आता ऑस्ट्रॅलोपिथेकस म्हणून ओळखली जाते.

एवढे सांगून थांबलो तर हिशेब अर्धा राहील. डग्लस गावी डॉक्टर असताना ब्रूम यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचे, तुरुंगात मेलेल्या कैद्यांचेही, देह नेऊन आपल्या परसात पुरले आणि पुढे सांगाडे उकरून अभ्यासासाठी वापरले. हे त्यांनी लपवलेही नाही. त्यात काही वावगे आहे, असे त्यांना वाटले नसावे. उत्क्रांतीमागे दैवी शक्तीचा हात मानणारा हा श्रद्धाळू माणूस शेजारच्या मृताच्या देहाकडे मात्र निव्वळ नमुना म्हणून पाहत होता. काळच तसा होता, असे म्हणता येईल. पण त्या कैद्यांच्या आप्तांचाही काळ तोच होता.

६ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी ब्रूम गेले. शेवटचा ग्रंथ हातावेगळा केला आणि आता आपणही संपलो असे म्हणून त्यांनी डोळे मिटले, असे सांगतात. त्यांची चुकलेली नावे दुरुस्त होऊ शकली, कारण कवट्या जपून ठेवलेल्या होत्या. कुणीही त्या पुन्हा हातात घेऊन त्यांना खोटे पाडू शकत होते, आणि विज्ञानाला त्यात अपमान वाटत नाही. परसातल्या त्या खड्ड्यांची दुरुस्ती मात्र कुठल्याच खातेवहीत करता येत नाही. ती नोंद तशीच ठेवून तिच्याकडे बघणे, एवढेच आपल्या हाती असते.