जेम्स चॅडविक : न दिसणाऱ्या कणाचा माग

मोरजीच्या किनाऱ्यावर रात्री कासवीण अंडी घालून जाते. तिला पाहणारे थोडे, पण सकाळी वाळूवरचे माग सर्वांना दिसतात. न्यूट्रॉन त्याहून चिवट. त्याच्यावर विद्युतभार नसल्याने त्याचे स्वतःचे मागच उमटत नाहीत. त्याने ज्याला ढकलले किंवा फोडले, त्याच्या रेषा मोजाव्या लागतात. हा कण शोधला जेम्स चॅडविक यांनी.

त्यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1891 रोजी इंग्लंडमधील बॉलिंग्टनचा. वडील सूतगिरणीत कामगार, आई मोलकरीण. मँचेस्टरला गणित शिकायला गेले आणि चुकून भौतिकशास्त्राच्या मुलाखतीला बसले. स्वभाव इतका भिडस्त की चूक झाली हे सांगितलेच नाही! 1914 साली युद्ध पेटले तेव्हा ते बर्लिनमध्ये होते. चार वर्षे रुहलेबेनच्या छावणीत घोड्यांच्या तबेल्यात काढली. तिथेही किरणोत्सारी टूथपेस्ट मिळवून त्यांचे प्रयोग चालूच होते.

सुटकेनंतर केंब्रिजला रदरफोर्ड यांच्या हाताखाली काम. बेरिलियममधून निघणारे विचित्र किरण मेणावर पडले की प्रोटॉन उडतात, हे पॅरिसच्या जोलिओ-क्यूरी दांपत्याने दाखवले होते. त्यांनी ते गॅमा किरण मानले. चॅडविकना हा हिशेब जुळेना. ऊर्जेची जमा आणि खर्च यांत मोठी तफावत येत होती. प्रोटॉनएवढ्याच वजनाचा, भाररहित कण मानला की ताळेबंद बरोबर बसत होता. फेब्रुवारी 1932 मध्ये त्यांनी ते जाहीर केले. त्यांचे सहकारी फेदर यांनी मेघकोष्ठात नायट्रोजनचे केंद्रक न्यूट्रॉनने फुटताना एका बिंदूतून निघालेल्या दोन रेषांचे फोटो घेतले.

पण नेमके वजन किती? चॅडविक यांचा 1932 चा आकडा हायड्रोजन अणूपेक्षा किंचित कमी होता, म्हणून न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनची जोडी असावी असे वाटे. 1934 मध्ये गोल्डहाबर या तरुणासोबत त्यांनी जड हायड्रोजनचे केंद्रक गॅमा किरणांनी फोडून नव्याने मोजणी केली, तेव्हा न्यूट्रॉन जड निघाला. म्हणजे तो जोडी नव्हे, स्वतंत्र कण. माझ्या मते मूळ शोधाइतकेच हे काम मोलाचे आहे.

इथे मुंबईही येते. विल्सन कॉलेजचे प्राध्यापक एच. जे. टेलर यांनी 1935 मध्ये गोल्डहाबर यांच्यासह बोरॉन मुरवलेल्या फोटोच्या काचेवर न्यूट्रॉनने घडवलेल्या विघटनाच्या रेषा टिपल्या. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्याही त्या नव्हत्या. पुढल्याच वर्षी टेलर आणि व्ही. डी. दाभोळकर यांचा अशा काचेवरील अल्फा कणांच्या पल्ल्यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला.

चॅडविकना 1935 चे नोबेल मिळाले. पुढे 1941 मध्ये अणुबॉम्ब अटळ आहे हे त्यांना कळून चुकले आणि झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. अठ्ठावीस वर्षांनंतरही त्या सुटल्या नव्हत्या. 24 जुलै 1974 रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले.